आजोबांचे बक्कल आणि त्याशेजारची पिवळी चांदणी

वाचकाचा प्रश्न : सातारा जिल्ह्यातील एक माध्यमिक शिक्षक (वय ५२) लिहितात की, त्यांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीच्या आघाडीवर लढले आणि परतताना जर्मन सैनिकाच्या पट्ट्याचे एक लोखंडी बक्कल घेऊन आले. त्यावर गरुड, स्वस्तिक आणि ‘गॉट मिट उन्स’ (देव आमच्या पाठीशी) ही अक्षरे आहेत. मागच्या बाजूला कोणीतरी खिळ्याने दोन अक्षरे कोरलेली आहेत. नाणी आणि टपालतिकिटे जमवण्याचा छंद पत्रलेखकांना होताच. हे बक्कल वाट्याला आल्यापासून, म्हणजे गेली आठ वर्षे, ते नाझी राजवटीतील वस्तू विकत घेत आहेत: चांदीची नाणी, हिटलरच्या चेहऱ्याची तिकिटे, दोन पदके, ‘हिटलर यूथ’ या नाझी युवक संघटनेचा चाकू, टेरेझिनश्टाट (आजच्या चेक प्रजासत्ताकातील टेरेझिन) येथील घेट्टोतील, म्हणजे ज्यूंना डांबून ठेवलेल्या वस्तीतील, नोटांचा संच आणि गेल्या वर्षी ऑनलाइन लिलावात घेतलेली, ‘युडे’ (ज्यू) असे छापलेली पिवळ्या कापडाची चांदणी. हा सारा संग्रह दिवाणखान्यातील शोकेसमध्ये आहे. श्टुटगार्टला नोकरी करणारी त्यांची मुलगी दिवाळीत एका जर्मन मैत्रिणीला घेऊन घरी आली. ती मैत्रीण शोकेसपुढे बराच वेळ उभी राहिली, काही बोलली नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलवर राहायला गेली. मुलगी म्हणते, सगळे विकून टाका. पत्नी म्हणतात, स्वस्तिक तर आपल्या उंबऱ्यावरही असते. पत्रलेखक विचारतात: ‘माझ्या मनात कोणाविषयीही द्वेष नाही. संग्राहक हा इतिहासाचा केवळ राखणदार असतो. मग माझे चुकले कुठे? हे सारे विकावे, नष्ट करावे, की शाळेत प्रदर्शन भरवावे?’

प्रिय सर,

सप्रेम नमस्कार.

‘माझ्या मनात द्वेष नाही’ हे वाक्य तुमच्या पत्रात तीन वेळा आले आहे आणि त्यावर पूर्ण विश्वास ठेवून मी हे उत्तर लिहीत आहे. द्वेष जोपासणारा माणूस चार पानी पत्र लिहून आपला छंद दुसऱ्यापुढे तपासायला ठेवत नाही. पण शोकेसपुढे उभ्या राहिलेल्या पाहुणीला तुमचे मन दिसत नव्हते, तिला तुमची मांडणी दिसत होती. म्हणून तुम्ही पाठवलेली छायाचित्रे मी पुन्हा पुन्हा पाहिली आणि माझी नजर वस्तूंपेक्षा तुमच्या सुवाच्य अक्षरांतील चिठ्ठ्यांवर अधिक रेंगाळली. हिंडेनबर्गच्या नाण्याखाली लिहिले आहे: ‘५ राइशमार्क, १९३८, टाकसाळ ए (बर्लिन), चांदी ९००, वजन १३.८८ ग्रॅम.’ नाण्याला अशी चिठ्ठी शोभते. कोणताही जाणकार नाणेसंग्राहक हेच लिहील. त्याच अक्षरात, त्याच शाईने चांदणीखाली लिहिले आहे: ‘कापडी, पिवळी, सुमारे १० सेंमी, स्थिती उत्तम.’

त्या ‘स्थिती उत्तम’ या शब्दांपाशी मी थांबले. सप्टेंबर १९४१ च्या हुकमाने जर्मनीतील सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यू व्यक्तीला तळहाताएवढी पिवळी चांदणी डाव्या छातीवर, दिसेल अशी आणि पक्की शिवून घेतल्याशिवाय घराबाहेर पडण्याची बंदी झाली. ही चांदणी फुकटही मिळत नव्हती. एकीला दहा फेनिग मोजावे लागत. आपल्या अपमानाची किंमत आपल्याच खिशातून द्यायची, घरी आणून ती आपल्याच हाताने मुलाच्या कोटावर शिवायची आणि त्याच कोटात त्याला रस्त्यावर पाठवायचे, असा त्या कापडाचा अर्थ होता. संग्राहकाच्या भाषेत ‘स्थिती’ म्हणजे डाग, झीज, फाटलेली कड. ती भाषा तुम्ही तिकिटांवर शिकलात आणि सवयीने इथेही वापरलीत. माझ्या मते तुमचे चुकले ते नेमके येथे, आणि ही चूक द्वेषाची नसून सवयीची आहे, म्हणून ती दुरुस्त होण्यासारखीही आहे.

तुमच्या पत्नीचा मुद्दा बाजूला सारण्यासारखा नाही. आपल्या दारातले, वहीच्या पहिल्या पानावरचे, कलशावरचे स्वस्तिक हे मंगलाचे चिन्ह आहे आणि त्याबद्दल कोणापुढे संकोच बाळगण्याचे आपल्याला कारण नाही. जर्मन लोक नाझींच्या त्या चिन्हाला ‘हाकेनक्रॉइत्स’, म्हणजे आकड्यांचा क्रूस, म्हणतात. १९२० साली हिटलरच्या पक्षाने ते उचलले आणि १९३५ मध्ये ते राष्ट्रध्वजावर गेले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये नाझी चिन्हाच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी घालताना हिंदू, बौद्ध आणि जैन धर्मीयांचे स्वस्तिक स्पष्ट शब्दांत वगळले, आणि जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या तेथील देशव्यापी कायद्यानेही हाच भेद पाळला. मेलबर्नमधील मराठी घरांच्या उंबऱ्यावरचे स्वस्तिक त्यामुळे सुरक्षित राहिले. पण हा भेद दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो. उंबऱ्यावरच्या चिन्हाला बक्कलावरच्या चिन्हाचा दोष चिकटू नये, असे आपल्याला मनापासून वाटत असेल, तर बक्कलावरच्या चिन्हाला उंबऱ्याचे पावित्र्यही आपण उसने देऊ नये.

आणखी एक गृहीतक तुमच्या पत्रात न लिहिताही जाणवते, ते म्हणजे हा इतिहास दूरचा आहे, आपल्याला त्याचे सोयरसुतक नाही. अलिबाग, रेवदंडा, नवगाव या पट्ट्यात शतकानुशतके राहिलेली आणि घरात मराठी बोलणारी बेने इस्रायल ज्यू कुटुंबे तुम्हाला ठाऊक असतील. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. त्यांच्यापैकी कोणी उद्या तुमच्याकडे चहाला आले तर? शिवाय आपल्या समाजात हिटलरचे नाव अजूनही ‘शिस्त’ आणि ‘खंबीर नेता’ अशा शब्दांसोबत सहज घेतले जाते, त्याचे आत्मचरित्र पदपथावर स्वयंविकासाच्या पुस्तकांशेजारी विकायला असते. अशा वातावरणात चिठ्ठीवर काही लिहिलेले नसले तरी पाहणारा ती वस्तू कौतुकाने ठेवली आहे असेच समजतो. तुमचे विद्यार्थी घरी येत असतील, तर ते त्या शोकेसमधून काय घेऊन जातात, हे एकदा त्यांनाच विचारून पाहा.

‘राखणदार’ हा तुमचा शब्द मला आवडला, फक्त तो अर्धा आहे. राखणदार कोणाच्या तरी वतीने राखण करतो. क्षणभर उलट बाजूने पाहू. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आपल्याकडील कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड वस्तीत ठेवले, हजेरी लावायला लावली, आणि १९५२ पर्यंत हे चालले. त्या काळातील एखाद्या पारधी आजीचा हजेरीचा पास उद्या परदेशातील कोणा सज्जन माणसाच्या दिवाणखान्यात ‘कागद पिवळसर, शिक्के स्पष्ट’ अशा चिठ्ठीसह लावलेला तुम्हाला दिसला आणि त्या आजीची नात तुमच्या वर्गात शिकत असली, तर तुम्ही त्या सज्जनाला काय सांगाल? जे सांगाल, तेच चांदणीपुरते स्वतःला सांगावे, अशी माझी विनंती आहे.

म्हणून साऱ्या संग्रहाचा एकच निकाल लावण्याची घाई करू नका. ‘सगळे ठेवू की सगळे विकू’ हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे, कारण शोकेसमध्ये एकत्र दिसणाऱ्या या वस्तू एका जातीच्या नाहीत.

नाणी आणि तिकिटांविषयी मला फारशी चिंता वाटत नाही. ती लाखोंनी निघाली, भाजीवाल्यापासून कारकुनापर्यंत सर्वांच्या हातांतून फिरली आणि कोणा एका पीडिताच्या अंगावरून ती काढलेली नाहीत. ऑनलाइन बाजारांनीही ही रेषा ओळखली आहे. २००० साली फ्रान्सच्या न्यायालयाने याहूला नाझी वस्तूंच्या लिलावावरून फटकारल्यानंतर २००१ मध्ये ईबेने अशा वस्तूंवर बंदी घातली, तेव्हा नाणी आणि तिकिटे तीतून वगळली. ती अल्बममध्ये ठेवा. एवढेच करा की ‘जनरल गूव्हर्नमेंट’ किंवा ‘ओस्टलांड’ असा जादा छाप असलेल्या तिकिटाखाली तो छाप कोणत्या जिंकलेल्या प्रदेशासाठी होता आणि तेथील लोकांचे काय झाले, याच्या दोन ओळी लिहा. तुमच्याकडील ‘आझाद हिंद’ची तिकिटे याच पानावर आहेत. ती १९४३ मध्ये बर्लिनच्या सरकारी छापखान्यात छापली गेली आणि टपालात कधीच वापरली गेली नाहीत. त्यांना वेगळे पान द्या, पण ती कोठे छापली गेली हे त्या पानावरून गाळू नका. स्वातंत्र्यलढ्याबद्दलचा आदर खरी माहिती लिहिल्याने कमी होत नाही.

टेरेझिनश्टाटच्या नोटांवर थोडे अधिक बोलायला हवे, कारण त्या तुमच्या संग्रहातील सर्वांत बोलक्या वस्तू आहेत आणि तुमच्या चिठ्ठीने त्यांना मुके केले आहे. नोट हातात घेऊन पाहा: एका बाजूला दहा आज्ञांच्या पाट्या धरलेला मोशे, तारीख १ जानेवारी १९४३, आणि घेट्टोतील ज्यू मंडळाचे प्रमुख याकोब एडेलश्टाइन यांची सही. चित्र काढणारा तरुण चित्रकार पेटर कीन स्वतः त्याच घेट्टोत कैदी होता आणि पुढे ऑश्विट्झच्या मृत्युछावणीत मरण पावला. घेट्टोत या पैशाने विकत घेण्याजोगे जवळजवळ काहीच नव्हते. येथे ज्यू लोक स्वतःची पेढी चालवत सुखाने नांदतात, असे बाहेरच्या जगाला भासवण्यापुरत्याच त्या नोटा होत्या. २३ जून १९४४ रोजी रेडक्रॉसच्या पाहुण्यांना सजवलेले टेरेझिनश्टाट दाखवण्यात आले. ज्याची सही नोटेवर आहे त्या एडेलश्टाइन यांना त्याच्या तीनच दिवस आधी ऑश्विट्झमध्ये गोळी घातली गेली होती. या घेट्टोत सुमारे ३३ हजार माणसे मेली आणि सुमारे ८८ हजार तेथून पुढे पूर्वेकडे पाठवली गेली. न वापरलेल्या नोटा मोठ्या संख्येने उरल्यामुळे त्या आज बाजारात सहज मिळतात, आणि म्हणूनच त्या बाळगणे म्हणजे कोणाचा वारसा हिरावणे नव्हे. त्या तुमच्याकडे राहोत. फक्त वरची माहिती चिठ्ठीवर येऊ दे. नोटेचा कागद आणि छपाई यांविषयी तुम्ही जे लिहिले आहे, ते त्याखाली राहिले तरी हरकत नाही.

चाकूविषयी तुम्ही लिहिता की तो हातात घेतला की अंगावर काटा येतो. हा काटा कशाचा, हे जरा थांबून पाहा, कारण याच एका वाक्यात मला तुमची काळजी वाटली. भीतीचा असेल तर ठीक. पण आपल्या हाती काहीतरी निषिद्ध, काहीतरी जबरदस्त आले आहे याचा तो काटा असेल, तर त्याच भावनेवर हा बाजार चालतो. पात्यावर ‘रक्त आणि सन्मान’ अशी जर्मन अक्षरे असल्याचे तुम्ही लिहिले आहे. चौदा वर्षांचा मुलगा ‘हिटलर यूथ’मध्ये दाखल होई, म्हणजे तुमच्या आठवी-नववीच्या वर्गातला मुलगा. तो चाकू कोणत्या शूर सैनिकाचा नाही, तो शाळेतून पळवलेल्या बालपणाचा आहे. तुम्ही शिक्षक आहात, म्हणून हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक जिव्हारी लागेल.

पदके आणि चाकू यांच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: यापुढे अशी एकही वस्तू विकत घेऊ नये. प्रत्येक खरेदी पुढच्या वस्तूचा भाव ठरवते. भाव चढला की नकली माल तयार होतो, आणि अशा वस्तूंत नकली मालाचा सुळसुळाट आहे. भाव आणखी चढला की चोरीही होते. डिसेंबर २००९ मध्ये ऑश्विट्झच्या फाटकावरची लोखंडी पाटीच चोरांनी कापून नेली होती. ‘वाईट हातांत जाण्यापेक्षा माझ्याकडे बरी’ हा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि त्यात तथ्यही आहे. २०१९ मध्ये म्युनिकच्या लिलावात अब्दल्लाह शातिला या लेबनॉनमध्ये जन्मलेल्या व्यावसायिकाने सुमारे सहा लाख युरो मोजून हिटलरची टोपी आणि इतर वस्तू घेतल्या व त्या ज्यू संस्थेला देऊन टाकल्या. त्यांच्या दानतीला माझा नमस्कार आहे, तरी विकणाऱ्याच्या खिशात सहा लाख युरो गेलेच, हेही खरे. आपल्यासारख्यांनी वाचवण्यासाठी विकत घेण्यापेक्षा न घेण्याने अधिक साधते.

मग आहे ते विकावे का? मुलीच्या मागणीमागचा त्रास मला समजतो, पण विकल्याने वस्तू तुमच्या घरातून जाते, जगातून नाही. सर्वाधिक बोली लावणारा माणूस ती कशासाठी घेतो, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. नष्ट करण्याच्या मी विरुद्ध आहे, कारण तो पुरावाही आहे. तज्ज्ञाने नकली ठरवलेली वस्तू मात्र खुशाल मोडीत काढा. खरी पदके आणि चाकू शोकेसमधून काढून कापडात गुंडाळून, खरेदीच्या पावत्यांसह पेटीत ठेवा आणि एखाद्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाला किंवा संग्रहालयाला त्यांची यादी पाठवून विचारा. नकार आला तर त्या पेटीतच राहू द्या, आणि तुमच्यानंतर त्यांचे काय करायचे ते मुलीसाठी लिहून ठेवा. संग्राहकाच्या पश्चात घरचे लोक रद्दीवाल्याला किंवा पहिल्या डीलरला सारे देऊन मोकळे होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आजोबांचे बक्कल मात्र या साऱ्यांपासून वेगळे काढा. ते विकत घेतलेले नाही. रायगड जिल्ह्यातील पळसगावचे यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना पडले आणि नामदेव जाधव एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी जखमी साथीदारांना वाचवत राहिले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच आघाडीवर तुमचे आजोबा होते. पदकांच्या आणि चाकूच्या रांगेत ठेवल्याने त्या बक्कलाचा अर्थच उलटा झाला आहे: ज्या राजवटीविरुद्ध लढून ते आले, तिच्याच भक्ताचा तो ऐवज वाटू लागला आहे. त्याशेजारी आजोबांचा गणवेशातील फोटो ठेवा, त्यांची पलटण, क्रमांक, गाव आणि घरात सांगितले गेलेले जे काही आहे ते लिहून काढा. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राशी पत्रव्यवहार करून पाहा. मागे खिळ्याने कोरलेली ती दोन अक्षरेही चिठ्ठीवर नोंदवा. ती बहुधा कोणा जर्मन पोराच्या नावाची असावीत, आणि त्याचे पुढे काय झाले, हे आजोबांनी कधी सांगितले नाही, असेही लिहा. मुलीबरोबर ते बक्कल जर्मनीला पाठवू नका. तेथील दंडसंहितेच्या ८६ अ कलमाखाली अशी चिन्हे जाहीरपणे दाखवणे किंवा पसरवणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिक्षण, संशोधन आणि कला यांना सूट आहे, पण विमानतळावर तिने कायद्याची ही पोटकलमे कोणाला समजावत बसावे, असे तुम्हालाही वाटणार नाही.

शाळेतील प्रदर्शनाची कल्पना मी सरसकट नाकारत नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातील बिग रॅपिड्स येथे फेरिस स्टेट विद्यापीठात कृष्णवर्णीयांची विटंबना करणाऱ्या वस्तूंचे एक संग्रहालय आहे. ते उभारणारे डेव्हिड पिल्ग्रिम स्वतः कृष्णवर्णीय. पोरवयात त्यांनी अशी पहिली वस्तू विकत घेतली ती जमिनीवर आपटून फोडायला. पुढे दोन हजारांवर वस्तू जमवून त्यांनी १९९६ मध्ये त्या विद्यापीठाला दिल्या, आणि आज तेथे पाहून झाल्यावर लोक बसून बोलतात. त्यांच्या आणि तुमच्या शोकेसमधला फरक त्या बोलण्यात आहे. तेव्हा तुम्ही प्रदर्शन कराल तर ते तुमच्या नोटा, तिकिटे आणि आजोबा यांच्यापुरते करा, प्रत्येक गटासोबत एक शिक्षक ठेवा, सुरुवात माणसांपासून करा, आणि चाकू शाळेत नेऊच नका. तो हातात धरून काढलेला एक फोटो तुमच्या साऱ्या चिठ्ठ्यांवर मात करेल.

पाहुणीबद्दल तुम्ही विचारता की तिला पत्र लिहून आपली बाजू मांडू का. इतक्यात नको. ती ज्यू आहे की तिच्या आजोबांनी तो गणवेश घातला होता, हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि तुमच्या निर्दोषपणाचे प्रमाणपत्र देण्याचे ओझे तिच्यावर टाकणे बरे नव्हे. आधी मुलीला सांगा की शोकेस आवरली आहे आणि का आवरली आहे. मैत्रिणीला काही कळवायचे का, ते तिला ठरवू द्या.

आता उरली चांदणी. ती खरी की खोटी, हे आधी ठरवावे लागेल, कारण कापडाचा तुकडा बनावट करणे सर्वांत सोपे असते. कडेला टाक्यांची भोके आहेत का, ते भिंगातून पाहा. भोके नसतील तर ती न वापरलेली असेल किंवा नंतर केलेली नक्कल असेल. भोके असतील तर ती कोणाच्या तरी कोटावर होती. कोणत्याही परिस्थितीत ती घरातील भिंतीवर किंवा काचेमागे असू नये, आणि ती पुन्हा विकू नये. नोव्हेंबर २०२५ मध्ये जर्मनीतील नॉइस येथे छळछावण्यांतील कैद्यांची पत्रे लिलावाला निघाली, तेव्हा वाचलेल्यांच्या संघटनेने निषेध केला आणि तो लिलाव रद्द झाला. त्यांचे म्हणणे हेच होते की ही कागदपत्रे कुटुंबांची किंवा स्मारकांची आहेत, बाजाराची नाहीत. जेरुसलेमचे याद वाशेम स्मारक, वॉशिंग्टनचे होलोकॉस्ट स्मारक संग्रहालय आणि टेरेझिनचे स्मारक अशा वस्तू दान म्हणून स्वीकारतात. यांपैकी एकाला इंग्रजीत पत्र लिहा. मुलगी मदत करेल. दोन्ही बाजूंची स्वच्छ छायाचित्रे, टाक्यांची जवळून घेतलेली छायाचित्रे, लिलावाची पावती आणि विकणाऱ्याने जे सांगितले ते शब्दशः सोबत जोडा. मोबदल्याची अपेक्षा लिहू नका. त्यांचे उत्तर येईपर्यंत वस्तू टपालाने पाठवू नका, आणि तोवर ती साध्या पांढऱ्या सुती कापडात, घडी न घालता, उजेडापासून दूर ठेवा.